चिऊचा चौथा वाढदिवस : शेंगा सोडून सकाळची पंगत

रविवार, ३० मार्च २०२५ (पाडवा)

गुढी उतरवता उतरवता विषय निघाला. २४ एप्रिलला चिऊ चार वर्षांची होते. मागच्या वर्षी वाढदिवस संध्याकाळी सातला ठेवला होता. साडेआठला केक कापायची वेळ आली, तेव्हा उत्सवमूर्ती आत्याच्या खांद्यावर गाढ झोपलेली. फोटोत केक आहे, मेणबत्ती आहे, आणि चिऊची पाठ आहे. त्यामुळे यंदा सकाळी करायचं, असं मी जाहीर करून टाकलं. पोरं सकाळी ताजी असतात आणि एकच्या झोपेआधी घरी जातात. शिवाय सोलापूरचा एप्रिल. अकरा वाजले की आमचा गच्चीवरचा पत्रा तव्यासारखा तापतो. म्हणजे साडेनऊला सुरू, सव्वाअकराला आवरलेलं.

मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. कंटेनर भरायच्या आधी जशी वही असते तशी ही वही घातली आहे. वही बघून हे हसले. हसू देत. मागच्या वर्षी तीन किलो समोसे कुणामुळे उरले होते, ते मला आठवतंय.

मंगळवार, १ एप्रिल

तारखेचाच घोळ. २४ ला गुरुवार, सगळ्यांना कामं, त्यात एकादशी. आई (सासूबाई) माळकरी, त्यांचा उपास. नातीच्या वाढदिवसाला आजीनं नुसतं पाणी पिऊन बसायचं हे काही खरं नाही. पुढचा रविवार २७, तर ती अमावस्या. आईंनी कॅलेंडर उलटं ठेवूनच विषय बंद केला. उरला २० एप्रिल. “वाढदिवसाआधीच कसा करायचा?” हा प्रश्न त्यांनीच काढला आणि फोनवर वन्संशी बोलून त्यांनीच मिटवला. औक्षण २४ ला पुन्हा करायचं ठरलं. दोनदा ओवाळून घ्यायला चिऊची काही हरकत नाही.

२० एप्रिल, रविवार, सकाळी साडेनऊ. पक्कं.

शुक्रवार, ४ एप्रिल

पोरं १४ (चिऊ धरून), मोठी माणसं २२. एकूण ३६ पानं. पोरं तीन ते पाच वर्षांची, एक सात वर्षांचा दादा सोडला तर.

आज आयांना फोन केले. बाराव्या फोनला काम वाढलं. बालवाडीत चिऊच्या शेजारी बसणारी एक मुलगी आहे, चिऊची सध्याची सगळ्यात लाडकी. तिची आई आधी म्हणाली, “येऊ, पण तिचा डबा घेऊन येऊ.” मी म्हटलं, डबा कशाला? मग तिनं सांगितलं. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दीड वर्षाची असताना चिक्कीचा एक तुकडा खाल्ला, दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, रात्री दवाखाना. तेव्हापासून शेंगदाण्याचा कणही नाही. काजू-बदामही देत नाहीत. कुठल्याही कार्यक्रमाला जाताना औषधाची पिशवी आणि घरचा डबा बरोबर. “सगळी पोरं एका रांगेत बसतात आणि ही वेगळा डबा उघडते. आता तिला सवय झालीय,” असं ती अगदी सहज म्हणाली.

मी फोनवर बोलून गेले, “डबा आणू नका. आम्ही शेंगाच घालणार नाही.”

फोन ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बघितलं.

शनिवार, ५ एप्रिल

आज रोजच्या कामातून वेळ काढून साठा मोजला. टॉवेलचा साठा मोजते तसाच, फळीनिहाय.

वरच्या फळीवर दाण्याच्या कुटाचा डबा, साधारण अर्धा किलो. त्याला लागून शेंगाचटणीची बरणी. आई ती उखळात कुटतात, तेल सुटून गोळा होईपर्यंत. मधल्या फळीवर पोह्याचे अख्खे दाणे, पातळ पोह्यांचा चिवडा (दाणे घालून), लसणाची चटणी (कूट घालून), भरल्या वांग्याचं वाटण (कूट घालून). खाली उपासाचा डबा, तो तर कुटाचाच डबा म्हणायचा. देवाजवळ गूळ-शेंगदाण्याची वाटी. गॅसशेजारी पाच लिटरचा कॅन, घाण्याचं शेंगतेल. मिसळणाच्या डब्यात जिऱ्याच्या वाटीत दोन दाणे सापडले. कुठून आले कोण जाणे.

काकडीची कोशिंबीर करू म्हटलं, तीत कूट. पोहे, त्यात दाणे. साबुदाण्याची खिचडी तर विचारायलाच नको. पालकाच्या पातळ भाजीत दाणे. इडलीबरोबर आमच्याकडे जी चटणी होते तीही शेंगाचीच. मराठीत शेंगा, कानडीत शेंगा, शेजारच्या अक्कांच्या तेलुगूत पल्ली. आमच्या गल्लीत तीन भाषा आणि तिन्हींत एकच चटणी.

आईंना सांगितलं तर त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सोलापुरात पंगत आणि चटणी नाही? लोक काय म्हणतील?” थोड्या वेळानं पुन्हा, “शेंग म्हणजे डाळीच्याच जातीची की गं. मग हरभरा चालतो का तिला?” प्रश्न बरोबर होता. मी त्या आईला लगेच विचारलं. तूर, मूग, हरभरा, उडीद सगळं खाते. फक्त शेंगदाणा नाही. नारळही चालतो. हे लिहून ठेवलं आणि खाली तिचं “हो” जसंच्या तसं उतरवलं. आपल्या अंदाजावर हे काम नको.

तेलाचंही विचारलं. घाण्याच्या तेलात दाण्यातलं प्रथिन थोडं उतरतं, रिफाइंडमध्ये जवळजवळ राहत नाही, असं मी वाचलं होतं. ती म्हणाली, आम्ही दोन्ही वापरत नाही. विषय संपला. त्या दिवशी सगळं सूर्यफुलाच्या तेलात आणि तुपात.

कच्चा मेन्यू: इडली (पोरांना बटण इडली), सांबार, खोबऱ्याची चटणी, प्रसादाचा शिरा, फळं, पन्हं, घरचा केक. मोठ्यांना आंब्याची डाळ जास्तीची. चैत्र चालू आहे, चैत्रगौर बसलेली आहे, डाळ-पन्ह्याला निमित्त शोधायला नको. पॉपकॉर्न खोडलं. ह्यांचा आग्रह होता, पण तीन-चार वर्षांची पोरं पळता पळता खाणार, घशात अडकतं. अख्खी द्राक्षं आणि कडक गोळ्याही त्याच कारणानं बाद.

रविवार, ६ एप्रिल (रामनवमी)

चाचणी १, इडली. पाऊण किलो उकडा तांदूळ, पाव किलो उडीद, चमचाभर मेथ्या. काल रात्री नऊला वाटून ठेवलं. पहाटे सहाला उठले तर पातेल्याचं झाकण जमिनीवर आणि पीठ ओट्यावरून खाली गेलेलं. चव आंबटढाण. तरी ४६ इडल्या झाल्या. हलक्या झाल्या, पण चिऊनं एक घास घेऊन ताट सरकवलं.

अक्का दारातूनच ओरडल्या, “काय करलालीस गं? एप्रिलात नऊला कोण पिंडी (पीठ) वाटतंय!” त्यांनी सांगितलेलं: रात्री अकराच्या आधी वाटायचं नाही, वाटताना फ्रीजचं पाणी घालायचं, मीठ आधीच घालायचं म्हणजे आंबायला जरा आवर बसतो, आणि पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. पहाटे पाचला बघायचं, फुगलं असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत.

हिशेब: मोठ्यांना सरासरी चार म्हणजे ८८, पोरांच्या बटण इडल्या दोन मोठ्यांइतक्या धरल्या तर २८. एकूण ११६. तांदूळ २ किलो, उडीद ७०० ग्रॅम, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. आमच्या कुकरमध्ये एका वेळी १६. आठ घाणे म्हणजे पावणेतीन तास, जमणार नाही. अक्कांकडे ३६ इडल्यांचं मोठं पात्र आहे आणि त्यात इडलीशिवाय कधी काही शिजलेलं नाही. मागून ठेवलं.

बुधवार, ९ एप्रिल

कामावरून येताना नेहमीच्या बेकरीत थांबले. अंड्याशिवायचा केक होतो, आईंसाठी तो लागतोच. शेंगदाण्याचं विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “केकात शेंगा कोण घालतंय ताई.” खरं होतं त्याचं. पण त्याच्या मागे ट्रे होता, वर दाणे लावलेल्या बिस्किटांचा, आणि त्याच टेबलावर केकचा पाया कापणं चाललेलं. सुरी एक, फडकं एक. त्याला बोलण्यासारखं काही नव्हतं. त्याची बेकरी बेकरीसारखीच चालते. मी टोस्ट घेतले आणि निघाले.

केक घरी.

रविवार, १३ एप्रिल

चाचणी २, केक. रवा, दही, दूध, साखर, सूर्यफुलाचं तेल, खायचा सोडा, वेलची. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरलं, वर जाळी, जाळीवर डबा. वीस मिनिटांनी ह्यांनी “झालं का बघू” म्हणून झाकण उघडलं. केकच्या मधे आमच्या सोलापूरचा कंबर तलाव, कडेनं बांध. दुसरा डबा लावला आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी घातली. ४५ मिनिटांनी सुरी कोरडी निघाली.

क्रीम लावायचं नाही. सकाळी दहालाही आमच्या हॉलमध्ये ते टिकणार नाही. वर बदामी आंब्याच्या फोडी लावायच्या आणि डाळिंबाच्या दाण्यांनी “४” काढायचा. डाळिंबाला जीआय (भौगोलिक मानांकन) आपल्या सोलापूरचा, पण एप्रिलात भाव विचारला की आपण परगावचे असल्यासारखं वाटतं. एकच घ्यायचं, चार आकड्यापुरतं.

टुटीफ्रुटी घालायची होती. दुकानात सुटी मिळते, आणि त्या बरणीत जो चमचा तोच दाण्याच्या बरणीत. बाद.

मंगळवार, १५ एप्रिल

चटणीचं राहिलं होतं. खोबऱ्याला अंग यावं म्हणून डाळवं (भाजलेल्या हरभऱ्याची डाळ) घालतात, तेच घालायचं ठरलं होतं. संध्याकाळी भट्टीवर गेले. ताजं डाळवं घ्यायचं तर भट्टीवरच, अशी मला लहानपणापासून सवय.

भट्टीवाला लांब दांड्याचा झारा घेऊन बसलेला. कढईत काळी वाळू, तीत हरभरे. फट् फट् उडायला लागले की झाऱ्यानं उचलून चाळणीत, वाळू परत कढईत. माझ्यासमोर हरभऱ्याचा घाणा संपला आणि त्यानं मागचं पोतं पुढं ओढलं. शेंगदाणे. तीच वाळू, तोच झारा, तीच चाळणी. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. वास इतका चांगला सुटला होता की पावशेर दाणे घेऊन खातच घरी आले. डाळवं घेतलं नाही.

चटणीत आता घरी तुपावर भाजलेली हरभऱ्याची डाळ. करून बघितली. जरा कचकचीत लागते, पण आलं-कोथिंबीर-दह्यात खपून जाते. आईंनी बोटानं चाखली आणि म्हणाल्या, “चटणी म्हणायची तर म्हणा.”

गुरुवार, १७ एप्रिल

खरेदी. लक्ष्मी मार्केटमधून कैऱ्या दोन किलो, नारळ चार, द्राक्षं दोन किलो (हंगाम सरत आला, गोडी मात्र आहे), एक कलिंगड, केळी, आंबे. किराणा सगळा पाकीटबंद: रवा, साखर, उडीद, तांदूळ, तेल. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचताना दुकानदार विचारतो, “काय शोधताय ताई, तारीख?” शेंगदाणा, काजू-बदाम, दूध, सोया वगैरे असेल तर पाकिटावर छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे वाचलं तर कळतं. एका मसाल्याच्या पाकिटावर “शेंगदाण्याचा अंश असू शकतो” निघालं. ते परत ठेवलं. सांबार मसाला अक्का घरी भाजून देणार, आमच्या कढईत, आमच्यासमोर.

रिकामी पाकिटं टाकायची नाहीत. एका ताटात ठेवायची. लॉटबरोबर लेबल गेलंच पाहिजे.

पोरांना घरी जाताना खाऊची पुडी द्यायची पद्धत. चिक्की, लाडू, गोळ्या काहीच नको. आमच्याच कारखान्यातले छोटे नॅपकिन घेतले, एका कडेला ससा असलेले. ह्यांचं म्हणणं, पोरांना टॉवेल काय कामाचा. बघू.

शुक्रवार, १८ एप्रिल

पाण्याचा दिवस. आमच्याकडे चार दिवसांआड येतं, म्हणजे आज भरलेलं रविवारच्या पंगतीला पुरवायचं. दोन ड्रम, सगळे हंडे, बादल्या. एका ड्रमला तोटी बसवून घेतली आणि तो दाराबाहेर ठेवला, शेजारी साबण. आल्याबरोबर लहानमोठ्या सगळ्यांनी हात धुवायचे. रविवारी सकाळी निम्म्या घरांत पोहे होणार आणि निम्मी माणसं दाण्याच्या हातानं येणार. हात पुसायचं सॅनिटायझर इथं उपयोगाचं नाही. जंतू मरतील, दाण्याचा अंश हातावर तसाच. साबण आणि पाणीच.

शनिवार, १९ एप्रिल

सुट्टी टाकली.

सकाळी शेंगा हद्दपार. कुटाचा डबा, चटणी, चिवडा, तेलाचा कॅन, देवाजवळची वाटी, सगळं दोन पोत्यांत घालून माळ्यावर. उखळ पोत्यात मावत नाही, त्याला धुऊन, वर पाट ठेवून बाहेरच्या जिन्याखाली. आई बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण बत्ता मात्र त्यांनी स्वतः धुतला.

ओटा, फळ्या, पोळपाट, कढया गरम पाण्यानं आणि साबणानं. स्पंज नवा. मग मिक्सरचं भांडं. मला वाटलं होतं हे पाच मिनिटांचं काम. पाती खोलली, पातीखालचा रबरी वायसर टाचणीनं उचकटला आणि खाली बघितलं तर पिवळट-तपकिरी, ओलसर, घट्ट बसलेला थर. किती महिन्यांचा कूट असेल तो! टोकरून काढला, बोटावर घेतला, वास घेतला: शेंगाचटणी, लसणासकट. रोज घासून पालथं घालते ते भांडं. धुऊन काढलं तरी मन मानेना. दुपारी जाऊन नवं भांडं घेऊन आले. जुनं माळ्यावर, पोत्यात.

संध्याकाळी कैऱ्या उकडल्या. गर एक किलो, गूळ दीड किलो, वेलची, मीठ, चिमूटभर केशर. उद्या पाणी घालून सहा-साडेसहा लिटर व्हावं. बर्फ बाहेरचा नको. स्टीलच्या दोन डब्यांत फिल्टरचं पाणी भरून फ्रीजरमध्ये.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटं. पीठ वाटून झालं. तीन पातेली, अर्धी अर्धी भरलेली. झोपते.

रविवार, २० एप्रिल

५.००. पीठ बरोबर. बोट बुडवलं तर जाळी दिसली, आंबट वास नाही. परातीत गार पाणी घालून पातेली त्यात.

६.३०. शिरा. रवा एक किलो, तूप पाऊण किलो, साखर पाऊण किलो, दूध, केळी. रवा तुपात गुलाबी होईपर्यंत ढवळायला ह्यांना बसवलं.

७.१५. इडलीचा पहिला घाणा. अक्का आल्या, हात धुतले, पात्राचा ताबा घेतला.

८.००. चटणी. रात्री वाटली असती तर या उन्हाळ्यात खोबरं उतरलं असतं.

८.२०. द्राक्षं. पोरांची सगळी द्राक्षं उभी चिरून चार फाका करायची. आडवी चिरली तर चकती गोलच राहते आणि घशात बसू शकते. मी सुरीनं पाच मिनिटांत वीस केली असतील. अक्कांनी वाटी ओढून घेतली, पदरानं हात पुसले आणि भाजीची कात्री मागितली. तरुणपणी त्यांनी पंधरा वर्षं विड्या वळल्या. पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्री फिरवायची तो हात. डाव्या हाताच्या अंगठ्यानं द्राक्ष उभं धरायचं, कच्, फिरवायचं, कच्. बघायचं सुद्धा नाही. बोलत होत्या माझ्याशी, सुनेच्या बाळंतपणाबद्दल. दोन किलो द्राक्षं अर्ध्या तासाच्या आत.

९.२५. पहिली मुलं. ड्रमपाशी रांग. हात धुणं हाच पहिला खेळ झाला, तीन झबली भिजली.

९.३५. ती मुलगी आणि तिची आई. औषधाची पिशवी, शिवाय डबा. मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात नेलं, पाकिटांचं ताट समोर ठेवलं. तिनं एकेक उचलून मागची बाजू वाचली, चष्मा वर करून. मिक्सरच्या नव्या भांड्याचा खोकासुद्धा बघितला. मग सांबाराचं विचारलं, मसाला कुठला? अक्कांनी सांगितलं. मग चटणीत बोट बुडवून स्वतः चाखली आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिली. बाहेर जाऊन तिनं मुलीला रांगेत बसवलं, चिऊच्या शेजारी.

९.४५. औक्षण, मग लगेच खाणं. केक आधी कापला की पोरं जेवत नाहीत, हा मागच्या वर्षीचा धडा. सांबार कोमट करून, वाटीत तळाशीच.

९.५५. घोळ. आईंचे भाऊ मंगळवेढ्याहून एसटीनं आले, न कळवता. हातात पितळी डबा. “नातीसाठी शेंगापोळ्या, वीस आहेत, तुपाबरोबर वाढा.” डबा उघडतच आत येत होते. मी स्वयंपाकघरात होते, हातात पळी. माझ्या आधी आई उठल्या. इतक्या चपळाईनं त्यांना मी अलीकडे बघितलं नव्हतं. “दादा, तिथंच थांब!” म्हणाल्या. दारातच डबा बंद केला, दादांना ड्रमपाशी नेलं, साबण लावून हात धुवायला लावले, आणि डबा कुठं ठेवायचा म्हणून इकडंतिकडं बघून थेट ह्यांच्या स्कूटरच्या डिकीत. चावी कंबरेला. दादा म्हणाले, “काय झालं काय? विष आणलंय का मी?” आई म्हणाल्या, “एका लेकराला तसंच आहे. राग मानू नको, आत ये, इडली खा.”

दादांनी सहा इडल्या खाल्ल्या. चटणीबद्दल मत विचारलं नाही.

१०.४०. पन्हं संपलं. हिशेब चुकला, पोरांचं धरलं होतं एक पेला, आयांचं पण एक. उन्हातून आलेल्या आया दोन-दोन प्यायल्या. शेवटच्या चौघांना साधं पाणी. बर्फ उरला.

१०.५०. केक. डाळिंबाचा “४” सात वर्षांच्या दादाला उलटा दिसला म्हणून वाद. चिऊ जागी होती. फोटोत चेहरा आहे, तोंडात आंब्याची फोड.

११.२०. शेवटचं पोर गेलं. नॅपकिन डोक्याला बांधून. दोघातिघांनी तसाच बांधला होता, ह्यांना दाखवलं.

सोमवार, २१ एप्रिल

उरलेलं. इडल्या ९. सांबार अर्धं पातेलं. पोरांनी सांबाराला हातच लावला नाही, कोरडी बटण इडली आणि द्राक्षं एवढंच खाल्लं. पुढच्या वेळी पोरांचं सांबार करायचंच नाही. शिरा शून्य. आंब्याची डाळ शून्य. पन्हं ३६ माणसांना नऊ लिटर तरी हवं.

त्या मुलीच्या आईचा फोन. मुलीनं घरी जाऊन सांगितलं, मला पण तोच शिरा दिला. डबा पिशवीतच राहिला होता, रात्री आई-बाबांनी खाल्ला. शिऱ्याचं प्रमाण मागितलं, सांगितलं.

सगळी भांडी अक्कांकडे परत. पात्रात मूठभर साखर घालून दिली.

मंगळवार, २२ एप्रिल

डिकी. रविवारच्या गडबडीत शेंगापोळ्यांचा डबा तिथंच राहिला होता; चावी आईंच्या कंबरेला आणि आई विसरल्या. दोन दिवस उन्हात. डबा आडवा झाला होता, तूप-तेल सुटून गाडीच्या कागदपत्रांवर. विम्याच्या कागदाला शेंगापोळीचा वास. ह्यांनी तीनदा धुतलं, वास काही जाईना.

पोळ्या मात्र चांगल्या होत्या. पाच खाल्ल्या.

गुरुवार, २४ एप्रिल (एकादशी)

आज खरा वाढदिवस. सकाळी पुन्हा औक्षण. आईंनी कालच सगळं माळ्यावरून उतरवून घेतलं होतं, उखळ जागेवर, बत्ता उन्हात वाळवलेला. उपासाची खिचडी करायला त्यांनी कुटाचा डबा काढला. झाकण उघडणार तेवढ्यात चिऊ पळत आली आणि डब्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

“आजी थांब. आज ती येणार आहे का?”

“नाही गं.”

“नक्की?”

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी “नाही” म्हटलं. मग तिनं हात काढले.